उंच टोकांमधलं अंतर

१९६३ साली पनवेलच्या एका दवाखान्यात मी बाकावर ताटकळत होतो. पडद्याआड डॉक्टर, सिस्टर चंद्रावती आणि मिठागरात राबणारी गोदूबाई अशी तिघं होती.

"गोदूबाई, हा नुसता घाबरटपणा आहे. घरी जाऊन आराम करा."

"मी नाय घाबरत, डाक्टर. मिठाची पाटी उचलली का छातीत धडधडतंय, नि डोल्यासमोर अंधारी येते."

"डॉक्टर, ईसीजीची पट्टी पुन्हा एकदा बघता?"

"बघितली, सिस्टर. त्या हलल्या असतील, म्हणून रेघ बिघडलीय."

"त्या हलल्या नाहीत, मी शेजारी उभी होते. ही उंच टोकं बघा. दोन जवळजवळ, तिसरं लांब, चौथं भलतीकडेच. शिवाय प्रत्येक टोकाआधी छोटा उंचवटा हवा, तो एकाही ठिकाणी नाही. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरताहेत."

"आता तुम्ही मला शिकवणार? नोकरी नकोशी झालीय का?"

"गेली तर जाऊ दे. तुम्ही नाडी बघितल्याशिवाय मी यांना घरी पाठवणार नाही."

"ह्यो घ्या हात, डाक्टर. मी पन इथून नाय हलनार."

पडद्याआड खुर्ची सरकली; डॉक्टरांनी नाडी धरली असावी.

"ठोके सारखे नाहीत... मधेच एखादा हुकतोय."

"पूर्ण मिनिटभर मोजा."

"मोजले, सिस्टर. मुंबईच्या हृदयतज्ज्ञांना चिठ्ठी लिहा."

"लिहून ठेवलीय. सही करा."