वैनींच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला

माझं म्हायार राधानगरीकडलं. लगीन होऊन हिकडं कागलच्या बाजूला, बौद्धवाड्यात आले, तवा आईनं निर्गुडीची फांदी ओल्या फडक्यात बांधून दिलती, म्हनली लाव दारात, उपेगाला यील. मोरीचं पानी जातंय तितं खुपसली, दुसरं पानी आनू कुठनं? काय सांगू तुमास्नी पावणं, ती जी लागली ती लागलीच, उनानं मरंना, शेरडं तोंड लावंनात, तोडावी तेवढी फुटती, बारा म्हैनं हिरवीगार.

सासू बाळंतिणीस्नी न्हाऊ घालायची, तिच्या मागं मी. पाला उकळायचा, सोसंल तेवढं कढत पानी कमरंवर सोडायचं, मग कंबर धरत न्हाय बाईची. वरल्या आळीच्या वैनींची तिन्ही बाळंतपणं मीच बघितली. लेकरू माझ्या मांडीवर चालायचं, माझा हात अंगाला चालायचा, पर चा दिला तर माझी कपबशी येगळी, गोठ्यात, ती मीच धुवून पालथी घालायची. राग यायचा की, लई यायचा, पर बोलले न्हाय कवा.

आता बाळंतपणं दवाखान्यात. मला कोन बोलवत न्हाय, पर वैनींचं गुडघं धरल्यात, पाला लागतोच. त्येंचा गडी यायचा, घिऊन जायचा. परवा गडी न्हवता, पोरं पुण्याला, तवा वैनी सोता आल्या काठी टेकत. एवढ्या वर्सांत पैल्यांदा माझ्या दारात! खुर्ची दिली, म्हटलं बसा, चा ठेवते. त्या म्हनल्या नगं, आज उपास हाय. म्या म्हटलं उपासाला चा चालतोय की, तुमच्याच घरात बघितलंय म्या. ठेवला, दिला पुढ्यात. त्येंनी कपाला हात लावला न्हाय, म्हनल्या पाला तेवढा दे. म्या म्हटलं वैनी, ती निर्गुडी बी माझ्या मोरीच्याच पान्यावर वाढलीया, ती गुडघ्याला चालती न्हवं?

चा गार झाला. न्हाय म्हनायचं हुतं मला पाल्याला, तोंडापतूर आलतं, पर तसल्या गुडघ्यांनी एवढी वाट चालून आलत्या, दिला तोडून. पदरात घेतला आन् गेल्या. मला माझाच राग येतोय आजून.

बरं हुऊ देत वैनींचं गुडघं, वाईट चितनार न्हाय मी. पर लगीच नगं. आजून चार खेपा माझं दार चढू देत त्या. चा मी दर खेपंला ठेवीन.