उलटी पट्टी

नातीच्या फ्रॉकची कड शिवून आशाबाईंनी सुईदोरा पिशवीत ठेवला आणि इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री स्टेशनच्या बाकावर शेजारीच मराठी ऐकू आलं. पिकल्या केसांचे दोन गृहस्थ बसले होते. एकाच्या मांडीवर लहान मुलाचा जुना निळा स्वेटर.

"हरीश, शाळेच्या रीयुनियनला स्वेटर द्यायचं तूच कबूल केलंस ना? मग आता तोंड का पाडलंयस?"

"अरे अनुप, काचेच्या कपाटात लावणार आहेत. ही नावाची पट्टी बघ. उलटी, अक्षरं डोक्यावर उभी."

"तुझ्या सगळ्याच कपड्यांवर उलटी होती. मोज्यांवरसुद्धा."

"आईला इंग्लिश अक्षर येत नव्हतं. बोर्डिंगची लिस्ट आली, प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी हवी, तशी बसली बिचारी शिवत. लोक हसतील रे तिला."

"डॉर्ममध्ये चाळीस पोरं. लॉन्ड्रीत माझे मोजे दर आठवड्याला हरवायचे. तुझे हरवले कधी?"

"नाही. मेट्रन लांबूनच ओळखायची."

"आईला सांगितलंस कधी?"

"सुट्टीत विचारायची, पट्ट्या नीट बसल्यात ना? मी म्हणायचो, एकही निघाली नाही."

"मग आता तू कशाला काढायला निघालास?"

"सरळ केलेली बरी. मावशी, मघापासून हसताय, म्हणजे मराठी कळतंय तुम्हाला. सुई असेल का हो तुमच्याकडे?"

आशाबाईंनी स्वेटर हातात घेतला. पट्टीच्या कडेनं बोट फिरवलं. टाके बारीक होते, एकसारखे.

"सुई नाही हो," त्या म्हणाल्या आणि पट्टी वर दिसेल अशी घडी घालून स्वेटर त्याला परत दिला.