‘आणि’च्या पुढचं पान

माझं नाव नलिनी. गाव कणकवलीच्या बाजूला, पण गाव म्हणजे मे महिन्यात पंधरा दिवस, बाकी सगळा जन्म विक्रोळीत गेला. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तशी सातवीत माझी शाळा सुटली आणि मी साकीनाक्याला बाइंडिंगच्या कारखान्यात लागले. पुढे पंचविशीत असताना बाजूच्या टेबलावर तुझी आई आली, सुमन. आता तुझ्यासमोर तिच्याबद्दल कसं बोलायचं गो, पण तूच माझी गोष्ट लिहायला बसलीस तर खरंच सांगते. मी तिच्यावर जळले. तीस वर्षं जळले.

आमच्याकडे लायब्रऱ्यांची उसवलेली पुस्तकं यायची, आम्ही ती परत शिवायचो. एकदा एक कादंबरी आली, पुठ्ठा नाही, नाव नाही, मागची अर्धी वाळवीने खाल्लेली. मालक म्हणाला टाक. टाकता टाकता मी शिल्लक राहिलेलं शेवटचं पान वाचलं. एक म्हातारी सुनेला सांगत असते, दुसऱ्याचं सुख बघावं, डोळे भरून बघावं आणि. बस, पान संपलं. आणि काय, ते वाळवीच्या पोटात.

काय सांगू तुला, ते पान मी घरी नेलं आणि पुढचं मीच भरलं. बघावं आणि आपण पण मिळवावं. तेच माझं शास्त्र झालं. सुमनने मिक्सर घेतला, मी घेतला. तिने तुला इंग्रजी शाळेत घातलं, मी माझ्या नितीनला घातलं, तो रडून रडून वर्षभरात म्युनिसिपालटीच्या शाळेत परत आला. ती नाइट स्कूलमधून दहावी झाली, मग मी पण बसले, चौतिसाव्या वर्षी, आणि तिच्यापेक्षा तीन मार्क जास्त काढले. तर हिनेच कारखानाभर माझ्या पासाचे पेढे वाटले. मला वाटलं, काय बाई आहे, हिला जळायला पण येत नाही.

तुझे बाबा गेले तेव्हा तू दुसरीत होतीस. तेव्हा महिनाभर तुमच्याकडचं जेवण मी करायची, ते पण लिही. म्हणजे मी काय अगदीच वाईट नव्हते.

मग मागच्या वर्षी तू कांदिवलीला घर घेतलंस. वास्तुशांतीला मी खोली न् खोली बघितली, बाल्कनी बघितली, तुझ्या आईचं वेगळं कपाट बघितलं, अगदी डोळे भरून बघितलं. आणि मिळवावं, तर पंचावन्नाव्या वर्षी मी आता काय मिळवणार? काही सुचलंच नाही बघ. मग भरल्या घरात तोंडातून निघालं, घर झालं गं सुमन, पण बघायला नवरा कुठे आहे. तू ऐकलंस, माहितीय मला. तुझ्या आईने माझ्या हातात शिऱ्याचा डबा दिला. त्यानंतर मी तिचा फोन उचलला नाही. तिने चार वेळा केला.

गेल्या महिन्यात दुसऱ्या लायब्ररीतून तीच कादंबरी आली, अख्खी. पान पाठ होतं ना, लगेच ओळखलं. उलटलं. पुढे लिहिलेलं, आणि उठून आपल्या घरी जावं. एवढंच. मला राग आला त्या लिहिणाऱ्याचा, यासाठी एवढी वर्षं थांबले होते का. मग मनाला सांगत राहिले, हे पान आधी मिळतं तर त्या दिवशी गप घरी गेले असते. खोटं आहे ते. पान असतं तरी बोललेच असते. वाळवीवर किती ढकलायचं?

तुला आईने पाठवलं ना? नाही म्हणतेस आणि खाली बघतेस. बरं, तिला सांग, रविवारी येते. माफी मागायला येते म्हणू नकोस, ते माझं मी तिच्याशी बोलेन. आणि जळणार तर मी तिथे पण, हा स्वभाव आता कुठे टाकू? पण जळता जळता तिच्या नव्या ओट्यावर भाकऱ्या करीन, तिला आजपर्यंत एक गोल जमलेली नाही. सुखात राहा गो दोघी. माझ्या डोळ्यांसमोर राहा.