बिलकीसचा परवाना आणि साहेबाची द्राक्षं

…आणि वर मलाच विचारतात, 'खैरू, तोंड पाडून का बसलास?' तोंड पाडू नको तर काय नाचू? तुम्हाला सांगतो, कुणाचा संसार सासूपायी अडतो, कुणाचा रुसव्याफुगव्यापायी… माझा अडलाय द्राक्षांपायी! अहो, द्राक्षं ती! धुवावीत, खावीत, गप्प बसावं!

पण आमचा बेलुत्तीसाहेब पडला इटलीचा, आणि मी पडलो त्याचा खानसामा. दुबईत आलाय तेल शोधायला. वाळूत भोकं पाडतो, तेल काही लागत नाही, म्हणून खाडीकाठच्या घरात द्राक्षं वाळवतो! इराणची लाँच लागली की पेट्याच्या पेट्या. माडीवर, वरचा वारा घरात ओढणाऱ्या मनोऱ्याखाली चटया अंथरायच्या, त्यांवर एकेक घोस बाळंतिणीसारखा निजवायचा, शेजारच्याला धक्का लागता कामा नये… मी म्हटलं, साहेब, मनुका करताय? तर हसला. 'नो, नो, कैरू! विनो! हमारे गाँव का लाल विनो! पहले अंगूर सूखेगा, फिर दबाएगा, फिर तीन साल पीपे में सोएगा!' विनो म्हणजे दारू! आता मला सांगा, आधी वाळवायची आणि मग रस काढायचा? म्हणजे धुणं वाळवून मग पिळायचं? अहो, द्राक्षं ती…

मी म्हटलं असतं, पिळ बाबा, माझं काय जातंय! पण त्याच दिवशी मी बिलकीसचा विषय काढून बसलो होतो. बिलकीस माझी बायको, तिकडे हर्णैला. मेंदी पुरती उतरली नव्हती तेव्हा मी आगबोटीत चढलो, तो अजून इथेच. तिला आणायची तर परवान्यावर साहेबाची सही पाहिजे. साहेबाने खांद्यावर हात टाकला नि म्हणाला, 'जिस दिन इस विनो का पहला गिलास पिएगा, उस दिन साइन करेगा. वर्ड इज वर्ड! यल्ला, काम करो!'

झालं! जन्मात बाटलीला शिवलो नाही, आणि आता ती दारू झकास व्हावी म्हणून मीच तळमळतोय! मौलवींकडे गेलो. ते म्हणाले, 'द्राक्षं वाळव, त्यात गुनाह नाही. पुढचं तू करू नकोस.' बरं, नाही करत. पण नमाज झाली, हात वर केले, की अडलंच! काय मागू? बायको मागावी तर मधे पिंप येतं! पिंप ओलांडून दुवा वर जायची कशी?

तेवढ्यात साहेब गेला वाळवंटात, कॅम्पवर. जाताना हुकूम… रोज घोस फिरव, नासका मणी काढ, खिडक्या उघड्या ठेव. सगळं केलं हो! आणि समुद्रावरून ती मेली दमट हवा सुटली. भिंतींना घाम! एका सकाळी बघतो तर घोसांवर पांढरी बुरशी. माझी बिलकीसच नासतेय असं वाटलं.

आता हर्णैच्या माणसाला वाळवण बिघडताना दिसलं तर तो काय करेल? बांगडे असोत, सोडे असोत, आमसुलं असोत… मीठ! आमच्या आईने लावलं, तिच्या आईने लावलं. मीही लावलं. हात आखडला नाही. मणी न् मणी चोळला, मुरवला, वरचं पुसून पुन्हा वाळवला. बुरशी खलास!

साहेब परत आला, बघून खूश. 'ब्रावो, कैरू!' माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. स्वतः दाबून रस काढला, पिंपात भरला. चाखला मात्र नाही. त्याच्या बापाची रीत म्हणे, पिंप गाऊ लागेपर्यंत थेंब तोंडाला लावायचा नाही. गाणं म्हणजे रस आंबतो, बुडबुडतो, ते. रोज सकाळी साहेब पिंपाला कान लावून. पिंप गप्प! 'कैरू, गाता क्यों नहीं?' मला काय ठाऊक! शेवटी रीत मोडली, बोट बुडवलं, चाटलं… 'सॉल्ट?'

मी म्हटलं, 'हाँ साहेब, सॉल्ट. नहीं तो खराब होता.'

रागावला नाही हो! रागावला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. जिन्यात बसला आणि ढसाढसा रडला. 'मेरा पापा हर साल बनाता था, कैरू. अभी पापा नहीं है.' मग मीही शेजारी बसलो आणि रडलो. तो बापासाठी, मी बायकोसाठी. अहो, द्राक्षं ती! धुवून खाल्ली असती तर दोन पुरुषमाणसं अशी जिन्यात बसली असती का?

गाववाला हमदुल्ला म्हणतो, 'खैरू, मिठाने रस आंबूच दिला नाहीस, दारूचं सरबत केलंस, सवाब मिळेल तुला!' पुण्य मिळेल रे बाबा. बायको मिळेल का? सहीचं हळूच विचारून पाहिलं, तर साहेब डोळे पुसत म्हणाला, 'वर्ड इज वर्ड.'

परवा पुन्हा हंगाम लागला. पुन्हा लाँच, पुन्हा पेट्या. 'यल्ला, कैरू! इस बार नमक नहीं!' म्हणजे तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. चटया अंथरल्या, घोस निजवले, हातपाय धुतले, नमाजाला उभा राहिलो. शेवटी हात वर केले आणि म्हटलं, 'या अल्ला, माडीवर काय आहे ते तुला ठाऊक आहे. मी नाव घेत नाही. तू फक्त बिघडू देऊ नकोस.'