वर केलेला हात

खांद्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंनी मासिक उघडलं होतं खरं, पण त्यांचे कान शेजारच्या बाकावर होते. तिथे एक वयस्कर धर्मगुरू आणि त्यांची चित्रकार मुलगी बसली होती.

“बाबा, हे दुखणं माझ्यामुळेच. परदेशातून रोज व्हिडिओ कॉल करून तुम्हाला हात वर धरायला लावला.”

“चित्रं काढायचीत म्हणालीस. मी धरला.”

“कसली चित्रं, ते विचारलंही नाहीत.”

“विचारलं असतं तर थाप मारली असतीस. आता सांग.”

“एक धर्मगुरू हात वर करतो आणि समोरच्यांची तोंडं पुसली जातात. कोळशानं काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसून पुन्हा काढायचं. फोटो भराभर दाखवले की चित्र हलतं.”

“म्हणजे हात माझा आणि खरडपट्टीही माझीच.”

“रागावलात?”

“तुला तिकडे पाठवू नये म्हणून आपली मंडळी हटून बसली होती. त्यांना गप्प करायलाही हाच हात वर केला होता मी.”

“माहीत आहे. तुम्ही पाठवलंत म्हणून तर हे काढू शकले. पण त्यामुळेच शेवट जमेना. तो हात खाली कसा आणायचा, तेच मला—”

धर्मगुरूंनी हात वर केला. मुलगी एकदम गप्प झाली. शिंपीणबाईंचंही पान उलटायचं राहिलं.

“थांबलीस का गं? खांदा कुठवर जातो ते बघत होतो.” त्यांनी हात सावकाश मांडीवर आणून ठेवला. “शेवटाचं सांगत होतीस. बोल.”