प्लंबरमधला बी

...नाही, पण मी म्हणतो, बोलायचंच नाही तर बसायचं कशाला? तुम्हीच सांगा! मी बोर्ड रंगवणारा माणूस, एकेका अक्षराला जागा द्यावी लागते हो, आणि हे इंग्रजी बघा... नाइफ लिहायचं, तर आधी के! का? के नसला तर सुरी कापत नाही? गुडघ्याला नी म्हणतात, तिथेही के! घोस्टमधला एच मी एक वेळ सोडतो, भुताचाच शब्द, असेल कुणी नुसतं उभं. पण बाकीच्यांचं काय?

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा मला जागेचंच पडलं होतं. दुकान एवढंसं, अक्षरं कापायचं मशीन घ्यायचं ठरलेलं, आणि ते मावेल असा एकच कोपरा. त्या कोपऱ्यात खुर्ची. खुर्चीत बाबा. चाळीस वर्षं ब्रश चालवला, आता हात थरथरतो, दिवसभर बसतात आणि अक्षर बोलत नाहीत. मी मनात घोकत होतो, "बाबा, सोमवारपासून घरीच आराम करा." ओठांवर यायचं, परत जायचं. पण बोलायचंच नाही तर बसायचं कशाला?

त्यातच आमचे जावईबापू, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, प्लंबर. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबून स्वतःचं दुकान काढत होते. बोर्ड अर्थात माझ्याकडे. मी आधी नळ काढला... काय नळ हो! थेंब असा लोंबतोय की खाली बादली ठेवावीशी वाटेल! पण नळानं जागा खाल्ली, आणि अक्षरं सात. मावेनात. तेवढ्यात शेजारच्या शिकवणीच्या बाई आल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "अहो पेंटर, तुम्ही सगळे प्लंबर प्लंबर काय करता? प्लमर म्हणायचं. बी सायलेंट!"

सायलेंट? मग मी म्हटलं, सुटलो! बोलायचंच नाही तर बसायचं कशाला? उडवला बी. पी, एल, यू, एम, ई, आर. सहा अक्षरं, फिट्ट! वर बाबांना तासभर व्याख्यान दिलं, की आजकाल सुटसुटीत पाहिजे, जो बोलत नाही त्यानं जागा अडवू नये... त्यांनी दोनदा तोंड उघडलं, मला वाटलं जांभई.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू नवा शर्ट घालून हजर. तासाभरात उद्घाटन! एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचतायत, आणि चेहरा उतरत चाललाय. "दादा... माझ्या सर्टिफिकेटवर यात एक बी आहे." म्हटलं, तो बोलत नाही! "नसेल बोलत, दादा, पण लोक तर बोलतील! म्हणतील, याला स्वतःचा धंदा लिहिता येत नाही, हा आमची गळती काय काढणार?"

एम आणि ई यांच्यामध्ये बोट शिरणार नाही, बी कुठे घालू? आणि खुर्ची करकरली. बाबा उठले. बारीक ब्रश घेतला, थरथरतं मनगट डाव्या हातानं धरलं, बोर्डाच्या मूळ रंगानं एमचा पाय जरा छाटला, ईची पाठ जरा तासली, आणि मधे बी बसवला. बाकावर चौथा आला की तिघं सरकून घेतात ना, तसं! मी बघतच राहिलो. मला जन्मात जमलं नसतं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. म्हणे तो के पूर्वी बोलायचा, लोक क्-नाइफ म्हणायचे! आणि आपला बी शिशाचा. कुठल्याशा जुन्या भाषेत शिशाच्या नावात तो होता, आणि नळ तेव्हा शिशाचे. शिसं गेलं, नळ बदलले, बी राहिला! काय माणसं म्हणायची हो! अक्षर थकलं, बोलेनासं झालं, पण कुणी घराबाहेर काढलं नाही. नाहीतर आपण! 'नांव', 'गांव', 'पांच'... डोक्यावर टिंब असायचं. बोलत नाही म्हणून नियम काढला आणि पुसून टाकलं. बाबा मात्र शेवटच्या बोर्डापर्यंत ते टिंब देत राहिले, आणि मी गाढव मागून फडक्यानं पुसायचो!

तुम्हाला सांगतो, लाज वाटली. मशीनवाल्याला फोन केला, म्हटलं, याहून लहान दाखव, कोपरा रिकामा नाही. आणि बाबांच्या पायाशी बसलो. विचारलं, "बाबा, मी चुकत होतो तेव्हा तुम्ही समोरच होतात. एका शब्दानं तरी बोलायचंत!"

बाबांनी ब्रश पुसला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तू बोलू दिलंस कुठे?"

आता बोला!