गंजीत घातलेला हात

कापसाचे भाव पडले, त्या हिवाळ्यातली गोष्ट. दारव्ह्याची जीप भरायची होती. माझ्या मागच्या सीटवर जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आणि त्याची मावशी बसले होते.

“संघदीप, भर सीझनात घरी कसा रे?”

“घरी बसवलं, मावशी. कापसाच्या गंजीले आग लागली नं.”

“त्यात तुहं काय?”

“मी त्या दिवशी सकाळीच कोपरापर्यंत हात घातलता गंजीत. आतला कापूस ओला होता, तापून राह्यलता. मॅनेजरले सांगतलं, गंजी फोडा, नाहीतर पेटन.”

“मंग?”

“म्हणे, तुमच्या लोकायले रोजच काही ना काही तक्रार असते.”

“अन् फोडलीच नाही?”

“संध्याकाळी फोडली. दुसऱ्या ग्रेडरनं, अक्षयनं, हात घालून तेच सांगतलं, तवा. तोवर आतून पेटलीच होती.”

“त्याचं बरं ऐकलं.”

“त्याच्या घरी वीस एकर वावर आहे नं. मॅनेजरनं पाठ थोपटली त्याची. म्हणे, शेतकऱ्याच्या पोराले कापूस कळतेच.”

“अन् तुले काय म्हणे?”

“मले विचारलं, आग लागनार हे तुले सकाळीच कसं मालूम होतं?”